गणना नव्हे, अंदाज

वाघांची शिरगणती झाली, असे आपण सहज म्हणून जातो. माझ्या मते हा शब्दच दिशाभूल करणारा आहे. गावातील माणसे घरोघर फिरून मोजता येतात. अरण्यातील वाघ तसे मोजता येत नाहीत.

पूर्वी वनरक्षक पंजांचे ठसे काचेवर रेखाटून घेत आणि कोणता ठसा कोणत्या वाघाचा, हे नजरेने ठरवीत. परंतु माती व चाल बदलली की ठशाचा आकारही बदलतो. तरीही २००१-०२ साली याच पद्धतीने देशात ३६४२ वाघ असल्याचा आकडा निघाला. पुढे २००५ साली राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघडकीस आले. चोरट्या शिकारीने वाघ संपले होते. कागदावर मात्र ते नांदत होते.

२००६ सालापासून निराळी पद्धत आली. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. समजा, रानात लावलेल्या कॅमेऱ्यांनी प्रथम २० वाघ टिपले. दुसऱ्या खेपेस २५ टिपले व त्यांत १० ओळखीचे निघाले. म्हणजे आधी टिपलेले वाघ एकूण वाघांच्या दोन-पंचमांश असावेत. यावरून एकूण संख्या सुमारे ५० ठरते. जेथे कॅमेरे नाहीत तेथे वाघांच्या खुणा, भक्ष्य प्राणी, वनाच्छादन आणि माणसांचा वावर यांचा वाघांच्या संख्येशी असलेला संबंध गणिताने मांडून अदमास बांधतात. यालाच प्रतिमान म्हणतात.

प्रतिमानही चुकू शकते; पण किती चुकू शकेल, हे ते स्वतःच सांगते. २००६ चा अंदाज १४११ होता आणि खरी संख्या ११६५ ते १६५७ यांच्या दरम्यान असावी, असे त्यासोबत नमूद होते. २०२२ चा अंदाज ३६८२. त्याच्या मर्यादा ३१६७ ते ३९२५.

सामान्य वाचकाला एकच आकडा पुरे, असे कोणी म्हणेल. मला हे मान्य नाही. ३६४२ आणि १४११ एवढेच वाचणारा दोन हजारांहून अधिक वाघ चार-पाच वर्षांत मेले असे समजेल. वस्तुतः पद्धतीच भिन्न असल्याने ती तुलनाच अयोग्य ठरते. म्हणून पाठ्यपुस्तकांत व वृत्तपत्रांत ‘गणना’ न म्हणता ‘अंदाज’ म्हणावे आणि आकड्याशेजारी त्याच्या मर्यादाही छापाव्यात. आपल्या अज्ञानाची सीमा प्रामाणिकपणे सांगणारा आकडाच वाघाच्या रक्षणास उपयोगी पडेल.