झेरॉक्सचा कारावास

पुण्यात 'याला येरवड्याला पाठवा' असे कुणी म्हटले की त्याचे दोन अर्थ होतात. एक तुरुंग, दुसरा मनोरुग्णालय. मला मात्र तिथे कुणी न पाठवताच रोज सकाळी जावे लागते, कारण आमच्या बँकेची शाखा तिथे आहे. तेव्हा कुलूप या विषयावर चार शब्द बोलण्याचा अधिकार मला आपोआपच मिळाला आहे असे मी धरून चालतो. एरवी बी.कॉम. झालेल्या माणसाचे मत कुणी विचारत नाही, बेरीज तेवढी विचारतात.

आता येरवड्याचा तुरुंगच घ्या. १८७१ सालचा, दगडी. गांधीजींना इथे ठेवले होते, १९३२ चा पुणे करार याच भिंतींच्या आत झाला. पण २६ जानेवारी २०२१ ला सरकारने इथे चक्क पर्यटन सुरू केले आणि पन्नास रुपयांत साध्या माणसाला आत जाण्याची सोय झाली. शाळेच्या पोरांना पाच रुपये! म्हणजे येरवड्याचा तुरुंग आतून बघायला गुन्हा करण्याची अट राहिली नाही. आमच्या शाखेतल्या झेरॉक्स यंत्रात मात्र खुद्द ते दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकलाही प्रवेश नाही. (यंत्र निराळ्याच कंपनीचे आहे, पण आपल्याकडे नक्कल काढणारे ते सगळे झेरॉक्स.)

पूर्वीचे यंत्र बिचारे भोळे होते. वर कागद ठेवा, आत दिवा लागे, बाजूने नक्कल बाहेर. पाहिलेले सगळे विसरून जाई. हल्लीच्या यंत्राच्या पोटात हार्ड डिस्क असते आणि तिला सगळे आठवते. २०१० साली अमेरिकेतल्या सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीने न्यू जर्सीच्या एका गोदामातून चार जुनी यंत्रे विकत घेतली, तर त्यांच्या डिस्कवर बफेलोच्या पोलिसांची कागदपत्रे आणि एका आरोग्य विमा कंपनीच्या ग्राहकांच्या आजारांची माहिती निघाली. त्या विमा कंपनीला २०१३ साली बारा लाख डॉलरांच्या वर रक्कम मोजावी लागली. तेव्हा भीती खोटी नाही, हे मला मान्य आहे. त्यातून आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आला, आणि त्यात दंडाचा आकडा २५० कोटींपर्यंत! इतकी शून्ये पाहिल्यावर आमचे मुख्य कार्यालय दचकले यात नवल काय?

पण दचकलेल्या माणसाने कुलूप कुठे लावावे? अशा यंत्रांत 'सर्व्हिस मोड लॉक' नावाची एक सोय असते. ती चालू केली की मेकॅनिक आपला संकेतांक घेऊन आला तरी त्याला यंत्राच्या अंतरंगात शिरता येत नाही. आधी यंत्राच्या ॲडमिनने पासवर्ड टाकून दार उघडावे लागते. आमच्याकडे ती कुणीतरी मुंबईतून चालू केली, आणि पासवर्डही मुंबईतच ठेवला.

गेल्या नोव्हेंबरात यंत्राने मान टाकली. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यांचा महिना. मेकॅनिक आला, शाई कागदावर भाजून पक्की करणारा फ्यूजर त्याने नवा बसवला. पण यंत्राला ते पटेना. जुन्या फ्यूजरने काढलेल्या प्रतींचा आकडा सर्व्हिस मोडमध्ये जाऊन शून्यावर आणावा लागतो, तोवर ते 'फ्यूजर संपला' असेच म्हणत राहते. जिवंत पेन्शनर समोर उभा असताना आम्ही त्याच्याकडे हयातीचा दाखला मागतो, त्यातलाच प्रकार.

"साहेब, तुमचा ॲडमिन कोण?"

"मुंबईत असतात."

"मग फोन लावा ना."

"लावला. त्यांची बदली झाली."

"नवीन कोण आलंय?"

"ते अजून रुजू व्हायचेत."

रांगेतले एक आजोबा म्हणाले, "अहो, माझी बायपास झाली तेव्हा डॉक्टरांनी छाती उघडली, पण पासवर्ड नाही हो विचारला!"

मग काय, महिनाभर शाखेचे सगळे कागद समोरच्या दुकानात. ग्राहकांची आधार कार्डे, पॅन, सह्यांचे नमुने, सगळी गुप्तता रस्ता ओलांडून पलीकडे. तिथल्या बिघडलेल्या प्रती कोपऱ्यातल्या खोक्यात पडतात आणि त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर दुकानदार हिशेब मांडतो. यंत्राचे कुलूप शाबूत, आणि गिऱ्हाइकांच्या सह्या खोक्यात!

बरे, न्यू जर्सीची ती यंत्रे काही मेकॅनिकने पळवली नव्हती. वापरणाऱ्यांनीच डिस्क न पुसता घालवली होती. तेव्हा डिस्कवरचा मजकूर सांकेतिक ठेवा, काम झाल्यावर पुसा, यंत्र जाताना डिस्क काढून घ्या. हे सगळे त्याच यंत्रात करता येते. आमच्या यंत्रात यांतले काय चालू आहे, हे बघायलाही तोच पासवर्ड लागतो!

शिवाय कुलूप कसे सांभाळावे हे बँकेला कुणी शिकवायला नको. तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असतात, जादा किल्ल्या मोहोरबंद होऊन दुसऱ्या शाखेत जातात, वहीत नोंद होते. थकलेला लॉकर फोडायचा तर अधिकारी आणि दोन साक्षीदार उभे करून मेकॅनिकला बोलावतात. लॉकर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने उघडतो. मग झेरॉक्सने काय घोडे मारले आहे? पासवर्ड शाखेत मोहोरबंद पाकिटात ठेवा, मॅडमनी तो टाकावा, मेकॅनिक काम करीत असताना एकाने शेजारी उभे राहावे, मग पुन्हा कुलूप. उभे राहायला मी तयार आहे. तेवढाच वेळ काउंटरवरून सुटका.

या अर्थाचे पत्र मी मुंबईला पाठवले आहे. सोबत मेकॅनिकच्या अहवालाची प्रत जोडायची होती, ती समोरच्या दुकानातून काढून आणली. तिच्या दोन रुपयांचे व्हाउचर, मूळ पावतीची झेरॉक्स जोडलेली नाही, या कारणाने परत आले आहे.