तसबीर आणि खिडकी

आमच्या वाचकांच्या घरोघरीं अलीकडे जुन्या पेट्यांतून तसबिरी बाहेर निघूं लागल्या आहेत. कोणाच्या मुंजीचा मांडव, काशीयात्रेहून परतलेलीं वडील माणसें, ओसरीवर खुर्च्या मांडून काढलेला सबंध कुटुंबाचा ग्रूप! जळगांवास काय किंवा धुळ्यास काय, एका वाड्यांतील चार भावांचे संसार चार शहरीं गेले, म्हणजे प्रत्येकास या तसबिरीची प्रत हवी असते. मग घरांतील एखादा कॉलेजांत जाणारा मुलगा किंवा मुलगी ती स्कॅन करून संगणकावर दुरुस्त करावयास बसते. हा उद्योग स्तुत्य आहे. परंतु त्यांतील एक साधी गोष्ट न उमजल्यामुळें होणारें नुकसान वाळवीनें केलेल्या नुकसानीहून कमी नसतें. म्हणून या महिन्यांत तिचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पडद्यावर तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. तसबीर म्हणजे पिक्सेल नांवाच्या सूक्ष्म रंगीत ठिपक्यांचा समूह. विंडो म्हणजे ती जिच्यांतून दिसते ती खिडकी. आणि झूम म्हणजे आपण ती जवळून पाहतों कीं दुरून, तें ठरविणारें प्रमाण. खिडकी ओढून रुंद केली, किंवा झूम वाढविला वा उतरविला, तरी तसबिरीच्या केसालाही धक्का लागत नाहीं. वाड्याच्या खिडकीचें दार अर्धें लोटलें, म्हणून कांहीं बाहेरचा पिंपळ अर्धा होत नाहीं.

उदाहरणार्थ, सहा इंच लांब व चार इंच रुंद अशी तसबीर दर इंचास ६०० पिक्सेल या मानानें स्कॅन केली, तर ती ३,६०० गुणिले २,४०० पिक्सेलांची होते. म्हणजे एकूण ८६ लक्ष ४० हजार. संगणकाचा पडदा बहुधा १,९२० गुणिले १,०८० पिक्सेलांचा असतो. तेव्हां शंभर टक्के झूम असतां, म्हणजे तसबिरीचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलावर बसविला असतां, तिचा जेमतेम चौथा हिस्सा दिसतो. येथेंच नवशिका गोंधळतो. फोटो फार मोठा झाला असें समजून तो 'इमेज' या यादींतील आकार बदलण्याची आज्ञा देतो, आणि तसबीर ९०० गुणिले ६०० करून तीच जतन करतो. आतां ती खिडकींत नीट बसते खरी; पण रुपयांतील एकच आणा हातीं उरलेला असतो, पंधरा आणे गेलेले असतात. पुढें ती कितीही मोठी केली, तरी गेलेले बारकावे परत येत नाहींत; यंत्र मधल्या जागा अंदाजानें भरतें, इतकेंच.

खरा उपाय 'व्ह्यू' या यादींत आहे. मोफत मिळणाऱ्या जिम्पमध्यें कंट्रोल, शिफ्ट व जे या कळा एकत्र दाबल्या कीं सबंध तसबीर खिडकींत मावते, आणि १ हा आंकडा दाबला कीं झूम शंभर टक्के होतो. फोटोशॉपमध्यें हींच कामें कंट्रोलबरोबर शून्य, व कंट्रोलबरोबर एक, दाबल्यानें होतात. झूमबरोबर खिडकीनेंही लहानमोठें व्हावें कीं नाहीं, हें दोन्हींच्या 'प्रेफरन्सेस'मध्यें ठरवितां येतें.

आतां जवळ तरी किती जावें? चारशें टक्क्यांवर वरील तसबिरीचा पाऊण इंचाहून किंचित् लांब व अर्ध्या इंचाहूनही कमी रुंद असा तुकडाच तेवढा पडद्यावर येतो. धुळ्याच्या आमच्या परिचयांतील एका घरीं मुलानें एवढ्या जवळून ग्रूपवरील बुरशीचे ठिपके एकेक करून पुसले. काम मन लावून केलेलें होतें. पण पणजीच्या हनुवटीवरील गोंदणही त्याला ठिपकेंच वाटलें. प्रत छापून आल्यावर थोरल्या आत्याबाई म्हणाल्या, "अरे, ही आमची आजी नव्हे. हिचें गोंदण कोठें गेलें?" मूळ कागद तोंवर वाळवीनें फस्त केला होता, आणि दुरुस्ती मूळ स्कॅनवरच जतन झाली होती. त्या माउलीचें दुसरें चित्र त्या घराण्यांत नाहीं.

जळगांवहून सुमारें साठ किलोमीटरांवरील अजिंठ्याचीं लेणीं आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणि दोन पावलें मागें सरून पाहावा, म्हणजे त्याच्या मुद्रेवरील करुणा दिसते; नाक भिंतीला लावलें, कीं भेगा आणि पोपडे तेवढे दिसतात. तेथील दुरुस्तीचा इतिहासही ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. १९२० ते १९२२ या काळांत निजाम सरकारनें आणविलेल्या इटालियन तज्ज्ञांनीं चित्रें टिकावींत या सद्धेतूनें त्यांवर लाखेचें रोगण दिलें. तें पुढें पिवळें पडलें, आणि तें काढण्यांत मागाहून रसायनज्ञांचीं वर्षेंच्या वर्षें गेलीं. त्यांना मूळ भिंतीवरच हात चालविणें भाग होतें. आपणांस तसें नाहीं. मूळ स्कॅन निराळा जपून ठेवावा व सर्व दुरुस्ती दुसऱ्या प्रतीवरच करावी.

शिवाय एकाच तसबिरीच्या दोन खिडक्या उघडतां येतात. जिम्पमध्यें 'व्ह्यू' या यादींत 'न्यू व्ह्यू' अशी आज्ञा आहे. एका खिडकींत सबंध ग्रूप ठेवावा व दुसरींत मोठा केलेला चेहरा. एकींत केलेला बदल दुसरींतही लागलाच दिसतो. ज्यांच्या घरीं मोडी कागद आहेत, त्यांना तर ही युक्ति फारच उपयोगी पडेल. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं धुळ्यास वारले, व पुढल्याच वर्षीं तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ स्थापन झालें. त्यामुळें जुन्या दप्तरांची आस्था या प्रांतांत निराळी शिकवावी लागत नाहीं. मोडींत शब्दाशब्दांमध्यें जागा सोडण्याची चाल नव्हती. एकच अक्षर पडदाभर मोठें केलें, तर तें कोणत्या शब्दाचें हें कळत नाहीं. आणि वरचा ठिपका अनुस्वार कीं शाईचा थेंब, याचा निर्णय सबंध ओळ वाचल्यावांचून होत नाहीं.

आमची सूचना इतकीच, कीं हें काम मुलांनीं खोलीचें दार लावून एकट्यानें करूं नये. ज्यांना कळा ठाऊक आहेत त्यांना चेहरे ठाऊक नसतात, आणि ज्यांना चेहरे ठाऊक आहेत त्यांचा हात संगणकाला लागलेला नसतो. दुपारचीं जेवणें आटोपल्यावर आजी, आत्या, काकू यांना पडद्यासमोर बसवावें. सबंध तसबिरीची खिडकी त्यांच्या बाजूस असावी व मोठ्या केलेल्या चेहऱ्याची मुलांच्या. कांहींही पुसण्यापूर्वीं "हें काय आहे?" असें विचारावें. त्या निमित्तानें मागल्या रांगेंत उभ्या असलेल्यांचीं नांवेंही लिहून घ्यावींत. तीं सांगणारीं माणसें घरांत आहेत, तोंवरच हें काम उरकणें बरें.