डोमकळी आणि ‘मोडकी’ मराठी

गुलाबी बोंडअळी कपाशीच्या कळीत शिरली की पाकळ्या आतून रेशमासारख्या धाग्याने बांधून टाकते. मग फूल उमलत नाही, मिटल्या मिटल्या गोळा होऊन राहतं. कापूस पिकवणाऱ्या मराठी मुलखात अशा फुलाला ‘डोमकळी’ म्हणतात. डोमकळी दिसली की ती अळीसकट तोडून नष्ट करायची आणि नर पतंग पकडणाऱ्या कामगंध सापळ्यांकडे लक्ष द्यायचं. बिघाडाचं कारण आणि पुढचं काम, दोन्ही त्या एका शब्दात आलं. तेलंगणातल्या आदिलाबादसारख्या कापसावर जगणाऱ्या जिल्ह्यात असे शब्द चैनीचे नसतात.

मूळ आकार किंवा स्थिती बिघडलेल्या वस्तूंसाठी मराठीजवळ नेमक्या शब्दांचा मोठा साठा आहे. बोंडातला कापूस किडीने डागाळून, चिकटून कडक झाला की ती ‘कवडी’. वेचताना ती वेगळी काढली नाही तर चांगल्या कापसाचाही भाव पडतो. मिरचीची पानं आकसली की ‘चुरडा-मुरडा’ किंवा ‘बोकड्या’. त्यातही पानाच्या कडा वर वळल्या असतील तर संशय फुलकिड्यांवर, खाली वळल्या असतील तर कोळ्यांवर. कपाशीच्या ओळींमधली तूर हिरवीगार राहून फुलायचंच विसरली, तर तो ‘वांझ रोग’.

घरातही तेच. पितळेच्या भांड्याला पोचा पडतो, कापड चुरगळतं, शिवण उसवते, धोतर विरतं, तुळईला बाक येतो, पाय मुरगळतो, पाठीत उसण भरते. दूध नासतं, भात विटतो, पीठ आंबतं, लोणचं बुरसतं. यांतला एकाचा शब्द दुसऱ्याला लावून पाहावा. ‘उसवलेलं दूध’ म्हटलं तर लहान मूलही हसेल.

या शब्दांची शिस्त कडक आहे. वस्तूचं धड रूप आधी ठाऊक असावं लागतं आणि ते बिघडवणारं काहीतरी दाखवता यावं लागतं: अळी, ओल, भार, वय. ‘मोडकी-तोडकी मराठी’ हा शब्दप्रयोग मात्र ही शिस्त पाळत नाही. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडच्या मराठीबद्दल तो सर्रास वापरला जातो आणि आदिलाबादच्या वाट्याला तर हमखास येतो.

आदिलाबाद हा हैदराबाद संस्थानातला जिल्हा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचना झाली, तेव्हा त्यातले किनवट आणि राजुरा हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात आले; राजुरा १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, २०१४ मध्ये तेलंगणात आला आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याचे चार जिल्हे झाले. माणसं मात्र होती तिथेच होती. बेला, जैनथ, बोथ या भागांत मराठी घरं आहेत. शेजाराला गोंडी, कोलामी, तेलुगू आणि दखनी. उत्तरेला पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो.

तिथली मराठी वऱ्हाडी वळणाची. ‘मला’ऐवजी ‘मले’, ‘डोळा’ऐवजी ‘डोया’, ‘काळा’ऐवजी ‘काया’. पुणेरी कानाला हे उच्चार घसरलेले वाटतात. पण ‘ळ’चा ‘य’ होतो तो एका शब्दापुरता नव्हे, शब्दामागून शब्दात होतो. पोचे असे नियमाने पडत नसतात. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा खंड १९०५ मध्ये निघाला, त्यातही वऱ्हाडी-नागपुरीची दखल एक बोली म्हणून घेतलेली आहे, बिघाड म्हणून नव्हे.

आता धड रूपाचा प्रश्न. ज्या प्रमाणभाषेच्या मापाने ‘मले’ वाकडं ठरतं, ती बरीचशी एकोणिसाव्या शतकातल्या शाळा, छापखाने, मोल्सवर्थचा १८३१ चा कोश आणि दादोबा पांडुरंगांचं १८३६ चं व्याकरण यांच्या आधाराने स्थिरावली. उलट, मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानलं जाणारं ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलं ते ऋद्धपूरला, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यात. वऱ्हाडाकडे आधी सरळ पुणेरी होती आणि मग कुणीतरी ती वाकवली, असा इतिहास नाही.

राहिला मिसळीचा आरोप. तेलुगू आणि उर्दू शब्द शिरले म्हणून भाषा मोडली, असं म्हणणाऱ्यांच्या तोंडी ‘जमीन’, ‘वकील’, ‘फिर्याद’ हे फारसी-अरबी वाटेने आलेले शब्द असतात आणि त्यांच्या ताटात पोर्तुगीजांबरोबर आलेले बटाटा आणि पाव असतात. पेशव्यांच्या दप्तरातली मिसळ भाषेची श्रीमंती आणि आदिलाबादच्या बाजारातली मिसळ भाषेचा ऱ्हास, हा न्याय कुठला?

प्रमाणभाषा हवी, यात वाद नाही. परीक्षेचा पेपर, कायद्याचा मसुदा आणि एखाद्या मराठी मंडळाचा अंक सगळ्यांना सारखा कळायचा तर लेखनाला एक ठरलेली रीत लागते. मात्र लिहिण्यासाठी एक रूप निवडणं वेगळं आणि बाकीच्या रूपांना मोडकं ठरवणं वेगळं. पहिली गोष्ट सोय आहे. दुसरीमुळे नुकसान होतं.

ते नुकसान असं. महाराष्ट्रात डोमकळी कृषी विद्यापीठांच्या सल्ल्यात छापली जाते. तेलंगणाच्या राजभाषा तेलुगू आणि उर्दू. तिथल्या मराठी शेतकऱ्याच्या कवडी-बोकड्याला सरकारी कागदाचा फारसा आधार नाही. ते टिकतात ते बोलण्यात. त्याच बोलण्याला मोडकं म्हणून नव्या पिढीला गप्प केलं, तर बोलीबरोबर हे शब्दही जातात आणि प्रमाणभाषेजवळ त्यांच्या जागी ठेवायला ‘खराब झालेलं’ यापलीकडे फारसं काही उरत नाही.

परदेशातल्या मराठी शाळांना हा प्रश्न रोजचा आहे. उत्तर अमेरिकेत १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळापासून छोट्या गावांतल्या मंडळांपर्यंत सगळीकडे मुलांच्या मराठीची काळजी वाहिली जाते. तिथे दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. एखादं मूल ‘माझा पुस्तक’ म्हणतं, तेव्हा त्याच्या घरात कुणीच तसं बोलत नसतं. धड रूप समोर आहे, इंग्रजीचा दाब हे कारणही दिसतं; ती चूक सुधारावी. दुसरं मूल ‘मले पाणी दे’ म्हणतं, कारण त्याची आजी तसंच म्हणते. इथे सुधारायला काही नाही.

म्हणून मंडळांच्या कथाकथन आणि वक्तृत्वाच्या स्पर्धांतल्या परीक्षकांच्या सूचनांत एक ओळ वाढवावी: व्याकरणाच्या चुकीचे गुण कापावेत, बोलीचे कापू नयेत. आणि त्यांच्या दिवाळी अंकात एक पान घरोघरच्या अशा शब्दांना द्यावं. शब्द, तो ज्या वस्तूबद्दल वापरतात ती वस्तू, ती बिघडण्याचं कारण आणि गावाचं नाव, एवढ्या चार रकान्यांत आदिलाबाद, किनवट, बेळगाव, बिदर, इंदूर आणि बडोद्याची घरं शेजारी शेजारी बसतील.