आधी वैरण, मग गोठा, मग गाय : आष्टी तालुक्यातील नव्या दूध उत्पादकांचे निवेदन

दिनांक : 4 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हाधिकारी कार्यालय, बीड

मार्फत : मा. तहसीलदार साहेब, आष्टी

विषय : दोन-चार गायींचा दुग्धव्यवसाय नव्याने सुरू करणाऱ्या ऊसतोड कुटुंबांना चालू योजनांचा लाभ योग्य क्रमाने व वेळेत मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे आष्टी तालुक्यातील अल्पभूधारक व भूमिहीन रहिवासी आहोत. आमच्यातल्या बहुतेकांच्या घरातून दसरा झाला की कोयता बाहेर पडतो, तो उन्हाळ्यातच परत येतो. मागे राहतात म्हातारी माणसे, शाळेतली पोरे आणि दावणीची एखाददुसरी गाय. या वर्षी आमच्यापैकी काहींनी ऊसतोडीला न जाता दोन-चार गायी पाळून दूध घालायचे ठरवले आहे. काहींनी सुरुवातही केली आहे. त्यात आलेल्या अडचणी आपल्यापुढे मांडण्यासाठी हे निवेदन.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो की, आम्ही नवी योजना मागत नाही. योजना पुष्कळ आहेत, पण त्या उलट्या क्रमाने मिळतात. आधी गाय येते, मग गोठ्याचे कागद फिरू लागतात, कर्ज त्याहून उशिरा मिळते आणि वैरणीचा विचार दुष्काळ जाहीर झाल्यावर होतो. व्यवहारात गाय सगळ्यात शेवटी यायला हवी.

पशुसंवर्धन विभागाच्या नावीन्यपूर्ण योजनेत दोन दुधाळ गायींच्या गटाची किंमत 1,56,850 रुपये धरलेली आहे. त्यात 70 हजारांप्रमाणे दोन गायींचे 1 लाख 40 हजार आणि उरलेले 16,850 रुपये विम्याचे. सर्वसाधारण गटाला यावर निम्मे, अनुसूचित जाती-जमातींना 75 टक्के अनुदान मिळते, याबद्दल तक्रार नाही. परंतु गोठा, गव्हाण, कडबाकुट्टी, पहिल्या दोन महिन्यांचे पशुखाद्य यांसाठी या रकमेत एक रुपयाही नाही. काष्टी किंवा लोणीच्या बाजारात पंधरा लिटरची, दुसऱ्या वेताची गाय 70 हजारांत मिळणे अवघड झाले आहे, हे बाजारात जाणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. मग याच किमतीत बसणारी गाय घेतली जाते, म्हणजे बहुधा तिसऱ्या-चौथ्या वेताची किंवा एखादे सड गेलेली.

गोठ्यासाठी रोजगार हमीतून 2 ते 6 गुरांना 77,188 रुपये मंजूर होतात. जमिनीवर ओटा, लांब गव्हाण, गोमूत्र साठवायची टाकी, पाण्याची टाकी असा तो नेटका आराखडा आहे. मात्र त्यासाठी कानात ओळखीचा बिल्ला मारलेली जनावरे आधी दावणीला दाखवावी लागतात. म्हणजे जो नवीन आहे त्याने गाय आणून पावसाळाभर चिखलात बांधायची, आणि मग गोठा मागायचा. चिखलात बसणाऱ्या संकरित गाईला पहिल्या महिन्यातच कासदाह होतो. एक सड आटले की चौथा हिस्सा दूध कायमचे गेले. आमची पहिली मागणी यावरच आहे. योजनेत गाईसाठी निवड झाल्याचे पत्र हाच गोठ्याच्या प्रस्तावाचा पुरावा धरावा, गोठा उभा राहिल्यावरच गाय खरेदीची परवानगी द्यावी. हे आपल्या अधिकारात बसत नसेल तर शासनाकडे तशी शिफारस करावी.

याला जोडूनच आणखी एक विनंती. दोन्ही गायी एकाच दिवशी देऊ नयेत. एकदम व्यालेल्या दोन गायी एकदमच आटतात. विण्याच्या आधी दोन महिने गाय दूध देत नाही, खाते मात्र रोज. ज्याच्या घरात दुसरी मिळकत नाही त्याच्यासाठी हे दोन महिने म्हणजे ऊसतोड टोळीच्या मुकादमाकडे पुन्हा जाण्याचे दिवस. दुसरी गाय पाच-सहा महिन्यांनी दिली तर घरात वर्षभर दुधाचा पैसा येत राहील.

मुकादमाचा उल्लेख आलाच आहे तर कर्जाविषयी लिहितो. मुकादम संध्याकाळी दारात येतो, बोलणे होते आणि उचल, म्हणजे ऊसतोडीची आगाऊ मजुरी, हातात पडते. ना सातबारा, ना जामीनदार. ती उचल किती महागात पडते ते आम्हाला कोणी सांगायला नको. पण ती वेळेवर मिळते. याउलट पशुपालनासाठी किसान क्रेडिट कार्डाची सोय 2019 पासून आहे, आणि रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2025 पासून विनातारण मर्यादा 1 लाख 60 हजारांवरून 2 लाख केली आहे. तरीही आमच्यातल्या एकाला तालुक्याबाहेरच्या एका शाखेत दोन जामीनदार आणा, जमीन तारण ठेवा असे सांगण्यात आले, आणि दुसऱ्या एकाचा अर्ज घेण्यासच नकार मिळाला. नकाराचे कारण लेखी मागितल्यावर ‘साहेब नाहीत’ हे उत्तर. जिल्ह्यातील बँकांच्या सल्लागार समितीचे आपण अध्यक्ष आहात. दसऱ्यापूर्वी आष्टी, कडा व धामणगाव येथे पशुपालन क्रेडिट कार्डाची शिबिरे आपल्या प्रतिनिधीच्या उपस्थितीत घ्यावीत, प्रत्येक अर्जाची पोच द्यावी आणि नकार असेल तर तो लेखी द्यावा, असे आदेश व्हावेत. दसऱ्यानंतरच्या शिबिराचा आम्हाला उपयोग नाही. तोपर्यंत उचल घेतलेली असते.

आता वैरण. या धंद्याचे खरे गणित इथेच आहे, म्हणून थोडे सविस्तर.

रोज 12 लिटर दूध देणारी गाय धरली तर तिच्या शरीरासाठी दोन किलो आणि दर तीन लिटरमागे एक किलो, असे सहा किलो पशुखाद्य लागते. त्याशिवाय 20 ते 25 किलो हिरवी वैरण आणि पाच-सहा किलो कडबा. हिरवी वैरण घरची असेल तर दुधाच्या पैशातून खाद्य, औषध वजा जाता घरखर्चाला काही उरते. तीच विकत घेतली की हातात फक्त शेण उरते. 2019 च्या दुष्काळात छावण्यांमध्ये शासनाने मोठ्या जनावरामागे रोजचे 100 रुपये दिले होते, आणि ते जनावर केवळ जगवण्यासाठी होते, दूध काढण्यासाठी नव्हे. आमच्यात एकर-दीड एकर कोरडवाहू असलेले लोक अधिक. उन्हाळी मका कोठे करणार?

मेहेकरी प्रकल्पाचे पाणी हिवाळ्यानंतर ओसरते तेव्हा गाळपेर जमीन उघडी पडते. 2018-19 मध्ये शासनाने अशी जमीन वैरणीच्या पिकांसाठी नाममात्र एक रुपया दराने देण्याचे धोरण आखले होते. ते दुष्काळापुरते होते. आमची मागणी अशी की, दोन ते चार गायी असणाऱ्यांच्या गटांना ही जमीन दरवर्षी मका व कडवळासाठी द्यावी, वाटप गावसभेत करावे आणि यादी चावडीवर लावावी. वैरणीचे बियाणे पेरणीच्या आधी मिळावे. गटाला एक कडबाकुट्टी आणि मुरघासाच्या पिशव्या मिळाल्या तर मार्च ते जून निघून जातील. हे झाले नाही तर बाकीच्या मागण्या मान्य होऊनही जून उजाडायच्या आत गायी बाजारात जातील.

बिल्ल्याचा प्रश्न दिसायला लहान, पण नव्या माणसाला तो फार जाचतो. 1 जून 2024 पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री बंद आहे. नियम योग्यच आहे. परंतु बाहेरच्या जिल्ह्यातून आणलेल्या गाईची बारा अंकी बिल्ल्यावरची नोंद जुन्या मालकाच्याच नावावर राहते. गेल्या वर्षी दुधाचे अनुदान आले तेव्हा बिल्ला, आधार आणि बँक खाते जुळणे आवश्यक होते, आणि या एका कारणाने आमच्यातील काहींचे अनुदान अडकले. गाय मेली तर विमा कंपनीही हाच प्रश्न काढते. 2022 च्या लम्पी रोगाच्या साथीत दुधाळ जनावरामागे 30 हजारांची मदत मिळाली, पण तीही नोंद सापडली तरच. मालकी बदलाची नोंद खरेदीनंतर सात दिवसांत पशुवैद्यकीय दवाखान्यात व्हावी आणि तिची पावती मिळावी.

गाय रात्री अडते, पोट रात्री फुगते. 1962 या क्रमांकाची फिरती गाडी दिवसा उपयोगी पडते, रात्री खासगी माणसाला बोलवावे लागते आणि तो मागेल ते द्यावे लागते. निदान विण्याच्या हंगामात तालुक्यात एक पशुवैद्यक रात्री उपलब्ध असावा.

दूध संकलन केंद्रांविषयी जास्त लिहीत नाही, त्यावर संघटना वर्षानुवर्षे बोलत आहेत. आम्हाला एवढेच हवे की, दूध भेसळ रोखण्यासाठी नेमलेल्या जिल्हा समितीने वजनकाटे आणि फॅट-एसएनएफची यंत्रेही न कळवता तपासावीत, आणि प्रत्येक वेळच्या दुधाची छापील पावती उत्पादकाला मिळावी. फॅट 3.5 आणि एसएनएफ 8.5 च्या खाली एक पॉइंट घसरला की कोठे 30 पैसे कापतात, कोठे रुपया. तो पॉइंट खरोखर घसरला का, हे आम्हाला कळण्याचा मार्ग नाही.

शेवटचे, वीजबिलाबाबत. गेल्या महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने पशुसंवर्धनाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला. 100 दुधाळ जनावरांपर्यंतच्या गोठ्याला वीजदर, ग्रामपंचायत कर आणि कर्जाचे व्याज यांत सवलत मिळणार असल्याचे आम्ही वाचले. ही सवलत दोन गायींच्या गोठ्यापर्यंत केव्हा व कोणत्या अर्जाने पोहोचेल, याचे परिपत्रक ग्रामपंचायतींना पाठवावे.

वरील मागण्यांवर पशुसंवर्धन, रोजगार हमी, जलसंपदा आणि अग्रणी बँक या चारही विभागांच्या अधिकाऱ्यांची बैठक आपल्या अध्यक्षतेखाली आष्टी येथे घ्यावी, ही विनंती. ती पोळ्याच्या आत व्हावी. कारखान्यांच्या टोळ्या त्यानंतर बांधल्या जातात, आणि एकदा उचल घेतली की आमच्या दावणीला या वर्षीही गाय राहणार नाही.

आपले विश्वासू,
आष्टी तालुक्यातील नवे दूध उत्पादक
(सह्या व अंगठे सोबतच्या यादीत)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. पशुसंवर्धन उपायुक्त, बीड
मा. अग्रणी बँक व्यवस्थापक, बीड
मा. गटविकास अधिकारी, आष्टी