दोरीच्या टोकाला कामगाराचा जीव

बंगळूरच्या मारतहळ्ळीला रिंग रोडवर टपालाची व्हॅन बंद पडली, तर साहेब फोनवर काय सांगतात, ते आमच्या मोटार सेवेतील चालकांना ठाऊक आहे : "दुसऱ्या गाडीला टोचन करा आणि आणा." पण आणायचे कुठे? गावातल्या वर्कशॉपपर्यंत, की थेट बेळगावला?

1989 च्या रस्ता नियमावलीने बंद गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत ओढण्याची मुभा दिली. वेगमर्यादा ताशी 24 किलोमीटर, दोन गाड्यांत अंतर पाच मीटरहून जास्त नाही, मागे 'ऑन टो' पाटी. पुढची चाके क्रेनने उचललेली नसतील, तर बंद गाडीच्या स्टिअरिंगवर लायसन्सवाला चालक हवाच. 2017 ला नवी नियमावली आली, तरी धोका तोच आहे. हिशेब करा : बेळगाव सुमारे 500 किलोमीटर. 24 च्या वेगाने वीस तासांहून अधिक. आठ तासांच्या पाळीत 192 किलोमीटर. म्हणजे चित्रदुर्गही गाठत नाही!

इंजिन बंद असले की ब्रेकला बूस्टरची मदत मिळत नाही, पॉवर स्टिअरिंग जड होते. पुढच्याने अचानक ब्रेक मारला, तर मागच्याच्या हाती उरते फक्त पायातले बळ. दोर ओढू शकतो, थांबवू शकत नाही.

आमच्या रेल्वेबंधूंना हे वेगळे सांगायला नको. ब्रेक पॉवर सर्टिफिकेटशिवाय गाडी सुटत नाही, शेवटच्या डब्यावर 'एलव्ही' पाटी लागते. रुळावर जी शिस्त, ती डांबरी रस्त्यावर का नसावी? चालकाचा जीव स्वस्त आहे म्हणून?

आमची मागणी स्पष्ट आहे. टपालाच्या थैल्या आधी दुसऱ्या गाडीत चढवा. जवळच्या गॅरेजपलीकडे न्यायचे असेल, तर गाडी कॅरिअरवर चढवून न्या, खर्च प्रशासनाचा. ओढून नेण्याचा हुकूम तोंडी नको, लेखी हवा. अपघात झाला की तोंडी हुकूम देणारा सापडत नाही, आरोपपत्र मात्र चालकाच्या हातात पडते. कंत्राटी चालकालाही हाच नियम लागू झाला पाहिजे; त्याला तर नाही म्हणायचीही सोय नसते.

प्रत्येक शाखेने हा विषय पुढच्या बैठकीत घ्यावा. लेखी हुकूम नसेल, तर दोर बांधू नका. संघटना तुमच्या पाठीशी आहे.