कामगार ते दिग्दर्शक

नळदुर्गहून सोलापूरची वाट आपल्या किती घरांनी तुडवली! कुणी गिरणीत लागलं, कुणी पुढं पुणे-मुंबईला गेलं. पोटामागं गेलेल्यांच्या कष्टांबद्दल आपण भरपूर लिहिलं. त्यांच्या हौसेबद्दल मात्र फारसं नाही. म्हणून हा अंक कारखान्यातून कलेकडे गेलेल्यांचा.

आरंभ भगवानदादांपासून. भगवान आबाजी पालव हा मुंबईतल्या गिरणी कामगाराचा मुलगा. स्वतः मजुरी करत मूकपटांत शिरला आणि १९३८ मध्ये 'बहादुर किसान'चा सहदिग्दर्शक झाला. स्वस्तातले मारधाडपट काढताना नटांचे कपडे, जेवणखाणही तोच बघायचा. १९५१ च्या त्याच्या 'अलबेला' चित्रपटानं देश नाचवला. पुढं बंगला, गाड्या गेल्या आणि दादा पुन्हा दादरच्या चाळीत आले. त्या उतरणीवर हळहळणारे लेख आम्ही मुद्दाम टाळले. कामगाराचा पोरगा सिनेमा काढायला शिकला कसा, हे आम्हाला जास्त मोलाचं वाटतं.

आज मोबाइलवर चित्रण होतं. पण कारखान्यातली पाळी संपल्यावर अंगात बळ आणि हाताशी वेळ कुठून आणायचा? तुमच्या घरातलं, गल्लीतलं कुणी काम सांभाळून सिनेमा काढत असेल तर आम्हाला जरूर लिहा. चित्रपट पुरा झालेला नसला तरी चालेल.