पेरूची दशमान नाणी : कस, वजन आणि कायदा

पेरूने १८२१ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले, तरी नाण्यांचा हिशेब स्पेनच्या अमदानीतलाच राहिला. आठ रेआलांचा एक पेसो ही पद्धत पुढे चार दशके चालली. दरम्यान बोलिव्हियाचे हिणकस चांदीचे पेसो दक्षिण पेरूच्या बाजारात शिरले आणि चोख नाणी चलनातून नाहीशी होऊ लागली. नाणेसुधारणेची निकड त्यातून निर्माण झाली.

१८६३ मध्ये दहा रेआलांच्या मोलाचा ‘सोल’ हे नवे एकक ठरले. एका सोलचे दहा दिनेरो आणि एका दिनेरोचे दहा सेंताव्हो. चांदीचा सोल २५ ग्रॅम वजनाचा व नऊ दशांश कसाचा होता. फ्रान्सच्या पाच फ्रँकच्या नाण्याचे प्रमाणही हेच. एक आणि दोन सेंताव्हो आधी तांबे-निकेलचे, नंतर ब्राँझचे निघाले.

चिलीशी झालेल्या युद्धाने (१८७९–८३) ही घडी विस्कटली. १८७९–८० मध्ये ५, १० व २० सेंताव्होंची तात्पुरती तांबे-निकेल नाणी पाडली गेली. लिमा शत्रूच्या ताब्यात गेल्यावर आयाकुचो येथे पाच पेसेतांची नाणी पाडण्यात आली.

पुढे जगभर चांदीचा भाव घसरला. १८९७ मध्ये खुल्या टंकनाला आळा बसला आणि १८९८ पासून ब्रिटिश सॉव्हरिनच्या प्रमाणाची सोन्याची ‘लिब्रा’ निघाली. दहा सोल म्हणजे एक लिब्रा. १९२२ पासूनच्या सोलचे वजन २५ ग्रॅमच राहिले, पण कस पाच दशांशावर आला. शुद्ध चांदी २२.५ ग्रॅमवरून १२.५ ग्रॅमवर उतरली. १९४३ पासून सोल पितळेचा झाला.

त्यानंतर महागाईने एककेच बदलली. १९८५ मध्ये हजार सोलचा (तेव्हाचे नाव ‘सोल दे ओरो’) एक इंती, तर १९९१ मध्ये दहा लाख इंतींचा एक ‘नुएव्हो सोल’ झाला. २०१५ मध्ये त्याला पुन्हा नुसते ‘सोल’ हे नाव मिळाले. त्याचा शंभरावा भाग आता सेंतिमो आहे.

त्यामुळे पेरूच्या नाण्यांची सूची करताना केवळ दर्शनी मूल्याची नोंद पुरत नाही. प्रत्येक नाण्यापुढे टंकनवर्ष, वजन, धातू आणि कस नोंदवावा. १८६४ चा सोल आणि १९२२ चा सोल एकाच रकान्यात बसवणे ही वर्गीकरणातली चूक ठरते.